चढावर मोडलेली चतुर्थी

देवाशी माझं फारसं जमत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. अकराव्या वर्षी मला डायबेटिस झाला. दिवसातून चार वेळा इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू झालं आणि त्याच महिन्यापासून आईने माझ्यासाठी संकष्टी धरली. तिची संकष्टी कडक. खिचडी नाही, फळ नाही, चंद्र दिसेपर्यंत नुसतं पाणी. "आजारी मी आणि उपाशी तू, हा कुठला न्याय?" असं मी तिला चिडवायचे. ती म्हणायची, "तू अभ्यास कर." खडकीच्या आमच्या क्वार्टर्समध्ये माझ्या आजाराची गोष्ट मात्र घराबाहेर जाऊ दिली नव्हती. मुलीची जात, उद्या लग्नाचं बघायचंय, असं आत्या म्हणाली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. लपवायची ती सवय मी थेट जर्मनीपर्यंत नेली.

शिकायला गेले ते शहर म्हणजे खोलगट दरी आणि चहूबाजूंनी डोंगर. मी राहायचे खाली, विद्यापीठ वर टेकडीवर. रोज सकाळी बस वळणं घेत वर चढायची. तिसऱ्या वळणावर एका घराच्या कुंपणाशी आगीच्या बंबासाठीचा पाण्याचा नळ होता, कमरेएवढा, बुटका, शेंदरी लाल. पुण्यात गाडीवरून जाताना वाटेत मारुती दिसला की एक हात आपोआप सुटतो, छातीला लागतो, मग ओठांना. पहिल्याच आठवड्यात धुक्यातून तो शेंदरी ठोकळा दिसला आणि माझा हात गेला. तो नळ आहे हे नंतर कळलं, पण तोवर सवय लागली होती. श्रद्धा वगैरे काही नव्हती. घरची आठवण यायची, इतकंच.

दुसऱ्या हिवाळ्यात आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. ते नीट झालं, पण नंतर ताप चढला तो उतरेना. माझी परीक्षा तोंडावर होती, निघता येत नव्हतं. बाबा फोनवर "सगळं ठीक आहे" एवढंच म्हणायचे, आणि बाबा इतकं थोडं बोलतात तेव्हा काहीच ठीक नसतं. त्यातच संकष्टी आली. माझ्या मनाने घेतलं की आईला उपास झेपणार नाही, इतक्या वर्षांचं व्रत मोडेल, आणि त्यातून तिचं काही बरंवाईट झालं तर? ज्या देवाला मी मानत नव्हते, त्याची मला भीती वाटायला लागली. ठरवलं, या वेळची चतुर्थी आपण करायची, तिच्यासारखीच कडक. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोणीही शहाण्या माणसाने कान उपटले असते. मोह नको म्हणून बॅगेत कायम असणाऱ्या ग्लुकोजच्या गोळ्या आणि बिस्किटंही खोलीवर काढून ठेवली. आणि सकाळी उठून, रोजच्या सवयीने, नाश्त्याआधीचं इंजेक्शन टोचून घेतलं. सुई बाहेर काढल्यावर लक्षात आलं. इन्सुलिन घेऊन खाल्लं नाही तर शुगर झपाट्याने उतरते. त्याच क्षणी खायला हवं होतं. मी तशीच उभी राहिले आणि म्हटलं, आता देव बघून घेईल. याला मी तेव्हा श्रद्धा समजत होते.

रस्त्यावर बर्फ गोठलं होतं. दोन वळणांनंतर बस घसरायला लागली, तेव्हा ड्रायव्हरने सगळ्यांना उतरवलं. बाकीचे भराभर चढून गेले. मी एरवी सिंहगड एका दमात चढणारी, पण पायांत जीवच नव्हता. कडाक्याच्या थंडीत कपाळावर घाम. शुगर उतरतेय हे कळत होतं आणि काय करायचं ते सुचत नव्हतं. शुगर उतरली की आधी अक्कलच जाते. फोन काढला, तर बोटांना आकडे सापडेनात. कुंपणं धरत तिसऱ्या वळणापर्यंत आले आणि त्या लाल नळाशी बर्फात बसकण मारली. आजारी आईला आता माझीच बातमी जाणार, एवढा एक विचार स्पष्ट आठवतो. हात जोडण्याचंही त्राण नव्हतं. "मला नाही जमत," असं मनात आलं, आणि त्या क्षणी मी देवाकडे काही मागतसुद्धा नव्हते.

दार उघडल्याचा आवाज झाला. घरातल्या गाऊनवर ओव्हरकोट चढवून, सत्तरीच्या पुढच्या एक बाई जपून पावलं टाकत माझ्याकडे आल्या. वाकून म्हणाल्या, "आज तुम्ही हात केला नाहीत." मला काही कळेना. मग त्यांनी स्वतःचा हात छातीला लावला, मग ओठांना, अगदी आपल्याकडे करतात तसा. दीड वर्ष त्या सकाळची कॉफी घेऊन खिडकीत बसत होत्या आणि बसमधली ती मुलगी आपल्यालाच नमस्कार करते असं समजत होत्या. रोज न चुकता उलट नमस्कारही करत होत्या. मी नळाच्या मागे कधी पाहिलंच नव्हतं.

त्यांनी माझ्या कपाळावरचा घाम पुसला. "शुगर आहे का?" इतक्या वर्षांच्या शिकवणीने मान नकारार्थी हलणार होती. "आहे," मी म्हटलं. त्या आत गेल्या आणि चेरीच्या जॅमची बरणी व चमचा घेऊन आल्या. "माझ्या नवऱ्यालाही होती. तोंड उघडा." उपासाला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मी नारायण पेठेतल्या क्लासमध्ये शिकले होते, पण तो शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची हिंमत झाली नाही. मी तोंड उघडलं. थोडं बरं वाटल्यावर त्यांनी घरात नेलं, पाव खायला घातला आणि विचारलं, इथे कोणाकोणाला माहीत आहे? कोणालाच नाही, म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आता मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. मला रडू कोसळलं.

दुपारी आईला फोन लावला आणि सगळं कबूल केलं. तुझी चतुर्थी मी धरली होती आणि माझ्या हातून मोडली, असं सांगून टाकलं.

"गाढव आहेस," आई म्हणाली. "अगं, मी तर सकाळीच इडली खाल्ली."

"आणि चतुर्थी?"

"रिकाम्या पोटी गोळ्या नाही चालत म्हणाल्या सिस्टर. मग मी त्याला सांगितलं, बाबा रे, आजवर केलं, आज नाही होत. तुला दिसतंच आहे. आणि खाल्ली."

औषध बदलल्यावर दोन दिवसांनी तिचा ताप उतरला. नमस्कार मारुती समजून केलेला, उपास गणपतीचा, आणि धावून आल्या जर्मन आजी. याला कोणी योगायोग म्हटलं तर मी वाद घालत नाही. मी फक्त त्या जॅमची चव विसरू शकत नाही, आणि ती आठवली की आजही हात जोडले जातात. त्याच आठवड्यात मी वर्गातल्या चौघींना माझ्या आजाराबद्दल सांगितलं. कोणाचं काही बिघडलं नाही. आईची श्रद्धा म्हणजे तिचा उपास, असं मी लहानपणापासून समजत आले होते. जीव मुठीत धरून मी तो चढावर वाहून नेला. तिकडे पुण्यात, तापाने फणफणलेली माझी आई देवावर सगळं सोपवून शांतपणे इडली खात होती.