जत्रेतला रोबो

भविष्य सांगणारा पत्र्याचा रोबो जत्रेत अजून उभा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. छातीवर लाल-हिरवे दिवे, पोटातून निघालेली हेडफोनची वायर आणि शेजारी खुर्चीवर शेंगा खात बसलेला मालक.

लहानपणी टीव्हीवर एका परदेशी मालिकेत असाच एक रोबो यायचा. संकट आलं की हात हलवत सगळ्यांना सावध करायचा. 'अरे, आत माणूस असतो,' असं वडील एकदा सहज म्हणाले आणि माझं मनच उडालं त्याच्यावरून. संकट ओळखणारा शेवटी माणूसच निघाला, मग त्यात काय विशेष!

इथे तर आत माणूसही नाही. दिवसभर वाजणारी एक टेप आहे, बस्स.

पन्नाशीच्या एक बाई हेडफोन लावून उभ्या होत्या. गर्दीकडे पाठ, नजर रोबोच्या काचेच्या डोळ्यांवर. मधूनच 'हो' म्हणत होत्या. एकदा तर 'खरंय रे बाबा' म्हणाल्या. बोलायला समोर कुणीतरी असावं लागतं, असं आपण उगाच धरून चालतो.

टेप संपली. बाईंनी हेडफोन काढला नाही. "परत लाव," म्हणाल्या.

मालक सरळ माणूस होता. "मावशी, परत तेच वाजेल. 'तुमचं मन साफ आहे, तुम्ही सगळ्यांसाठी खूप केलंत.' सगळ्यांना हेच सांगतो तो."

"सांगू दे," बाई म्हणाल्या. "मला दुसरं कोण सांगतंय?"