मलावीतलं नदीकाठचं शेत

आई गेल्यावर भेस्तानच्या घरात मी एकटी उरले. भावाची नोकरी वापीला, त्याचा संसारही तिकडेच. पर्वत पाटियाजवळच्या ज्या दुकानात मी कम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढायचे, तेही त्याच सुमारास बंद पडलं. बुट्टे, वेली, पदराचे काठ. बारीक रेघा ओढण्याखेरीज मला दुसरं काही येत नव्हतं. म्हणून एका संस्थेला उपग्रहाच्या फोटोंवरून शेतांच्या हद्दी आखणारी माणसं हवी आहेत असं कळलं, तेव्हा मी अर्ज केला. काम घरी बसून करायचं होतं. शेतं होती आफ्रिकेत, मलावी नावाच्या देशात. तो देश कुठे आहे हे आधी मला शोधावं लागलं.

आम्ही काढलेला नकाशा सगळ्यांना खुला असायचा. तिथलं शेतकी खातं, बियाणं वाटणारे, कॉलेजात शिकणारे, कुणीही तो उघडावा, चूक दिसली तर सुधारावी. कुठल्या वाडीत किती रान पेऱ्याखाली आहे, पूर आला तर कुणाकुणाचं बुडेल, हे त्यावरून कळायचं.

शेजारच्या गुजराती बेन एकदा दारातून डोकावल्या. "आफ्रिकाना खेतर? अहीं बेसीने?" आफ्रिकेतली शेतं इथे बसून, म्हणून खूप हसल्या. मीही हसले. त्या गेल्या, आणि पुन्हा मागच्या गल्लीतल्या कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट तेवढा ऐकू येत राहिला. कित्येक दिवस असे जायचे की दूधवाल्याशी बोलले तेवढंच बोलणं.

मलावीतून आमचं काम तपासायला एक बाई होत्या. त्या शेतकी खात्यात होत्या आणि मोबाइल घेऊन स्वतः रानात जायच्या. आमचं लिहिणं साध्या इंग्रजीत चालायचं. त्यांचा पहिला निरोप मला अजून आठवतो. "तुम्ही जिथे जंगल दाखवलंय तिथे कबरस्तान आहे. तिथली झाडं आमच्याकडे कुणी तोडत नाही." मी लगेच दुरुस्ती केली आणि धीर करून विचारलं, आजूबाजूला काय पेरतात?

"मका. आणि मक्यात तूर."

माझं लहानपण यवतमाळकडचं. मी लिहिलं, "आमच्याकडे कापसात तूर असते."

"मग तुम्ही ती कशी खाता?"

मी वरणाची सगळी कृती लिहून पाठवली, हिंग-जिऱ्याच्या फोडणीसकट. लिहिता लिहिता लक्षात आलं की आई गेल्यापासून मी वरण लावलंच नव्हतं. एकटीसाठी कुकर कोण लावणार?

माझ्या वाट्याच्या दुसऱ्या एका भागात नदीच्या वळणावर एक शेत होतं. पत्र्याचं छप्पर उन्हात चमकायचं, घरापासून पाण्यापर्यंत पायवाट गेलेली. ते मी आखून संपवलं होतं, तरी रोज काम सुरू करताना एकदा तिथे जाऊन यायचे. तिकडचा पावसाळा सरल्यावर नवे फोटो आले. नदीनं पात्र बदललं होतं. घर नव्हतं, वाट नव्हती, नुसती वाळू.

मी बाईंना विचारलं, "इथली माणसं कुठे आहेत?"

"तो भाग माझ्याकडे नाही," त्यांनी लिहिलं. "पण जाऊन बघते."

मग बरेच दिवस काहीच नाही. भावाचा फोन आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं.

"अगं, पण तू त्यांना ओळखतेस का?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही," मी म्हटलं, आणि वहिनीची चौकशी केली.

शेवटी बाईंचा आवाजातला निरोप आला. मागे कोंबड्यांचा कलकलाट आणि एका म्हाताऱ्या बाईचं मोठ्यानं बोलणं. शेत तिचं होतं. सगळे जीव वाचले होते आणि टेकडीवर राहायला गेले होते.

"हिला सांगितलं, भारतातली एक बाई तुझी चौकशी करते," बाई म्हणाल्या. "ती विचारते, तिचं माझं नातं काय? मी म्हटलं, तिनं तुझं शेत नकाशात काढलं होतं. तर म्हणते, मग ते पुसून टाक म्हणावं आणि इथलं काढ. बियाणं वाटणारे अजून खालीच हुडकत फिरतात. आणखी विचारते, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

मी माइक सुरू केला. मग म्हणाले, "कुणी नाही. आई होती."

टेकडीवरचं शेत झाडाझुडपांमुळे फोटोत दिसेना. म्हणून म्हातारी हद्दीवरून पुढे चालली आणि बाई मोबाइल घेऊन तिच्या मागे. त्यांच्या चालण्याचे ठिपके भेस्तानात माझ्या पडद्यावर उमटले. मी ते जोडले. मग खालचं शेत निवडलं आणि पुसलं. पुढच्या पेरणीला बियाणं टेकडीवर पोचल्याचं बाईंनी कळवलं.

थोड्याच दिवसांत त्यांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेला माणूस 'बरोबर' किंवा 'चूक' एवढंच लिहितो. काम नीट चाललंय. आता मी उत्तरेकडचा डोंगराळ भाग आखते. तिथे शेतं लहान आहेत आणि घरं एकमेकांपासून फार लांब.