बिनटपाची गाडी आणि गडमुडशिंगीचा नवरदेव

कसं सांगू हेच कळत नाही बघा. सांगितलं तर तुम्ही हसणार, नाही सांगितलं तर सुनंदा सांगणार. सुनंदा म्हणजे आमच्या सौ. आणि ती सांगते ते तिखटमीठ लावून! त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या, गार होतोय.

तर आमची ती जुनी गाडी. दोन दारांची, कापडी टपाची, वडिलांनी हौसेनं घेतलेली. टप मागं दुमडला की उघडी, पुढं ओढला की बंद. म्हणजे एके काळी! आता त्या कापडाची पार चाळण झाली होती. आत बसलं की अंगावर उन्हाचे ठिपके. चित्त्यासारखे दिसायचो दोघंही! शेवटी सुनंदानं निर्वाणीचं सांगितलं, "टप बदला, नाहीतर मी यात बसणार नाही." आता ती बसणार नसेल तर मी एकट्यानं फिरायचं कुठं?

गडमुडशिंगीत शौकतभाई म्हणून एक कुशनवाले आहेत, गाड्यांच्या गाद्या आणि टप शिवतात, असं कळलं. फोन केला. ना मी त्यांना कधी पाहिलेलं, ना त्यांनी मला. म्हणाले, "सायेब, फाटकं कापड घरीच काढून टाका, नुसता सांगाडा घिऊन या. गावच्या कमानीपाशी माझी माणसं हुबी करतो. उघडी गाडी बघितली की हात करतील."

आता सांगा, यात चुकायला कुठं जागा आहे? पण मी काढली!

टपाचा सांगाडा मागं दुमडून राजारामपुरीतल्या घरून निघालो. सुनंदा शेजारी, डोक्यावर पदर घट्ट धरून. कमान आली आणि बघतो तर काय, दहाबारा माणसं रस्त्यात येऊन दोन्ही हात हलवतायत!

"आली, आली! उघडी हाय न्हवं?"

"व्हय व्हय, उघडीच हाय!"

एक फेटेवाले गृहस्थ धावतच आले. "ओ पावणं, किती उशीर? हितं जीव टांगणीला लागलाय!"

मी ओशाळलो. "अहो, टप काढायलाच वेळ गेला."

"काढलासा ते लई ब्येस केलासा!"

मी सुनंदाला हळूच म्हटलं, "बघ, फेटा बांधून कामाला येतात. याला म्हणतात धंद्याची इज्जत!"

एकानं मागच्या सीटवर थाप मारली. "हितं दोघं बसतील न्हवं?"

"आरामात."

"आणि हुबं ऱ्हायलं तर?"

मला वाटलं, टपाची उंची ठरवतायत. "उभं कशाला राहायचं? डोकं आपटेल की!"

सगळ्यांनी वर आभाळाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. फेटेवाले सावकाश म्हणाले, "ड्रायव्हर, नाष्टा केलाय न्हवं तुमी?"

तिथं तरी मला कळावं की नाही? नाही! मी म्हटलं, "केलाय, केलाय. तुम्ही तुमचं काम सुरू करा."

त्यांनी केलं सुरू. पुढच्या दोन्ही चाकांखाली लिंबू ठेवलं. दारांना झेंडूच्या माळा बांधल्या. बॉनेटवर कसलीतरी थर्माकोलची अक्षरं चिकटवली. मला आतनं ती उलटी दिसत होती. म्हटलं, असेल दुकानाची जाहिरात. बायका आरतीचं ताट घेऊन आल्या, गाडीला ओवाळलं आणि सुनंदाच्या केसात भलामोठा गजरा माळला. मला तर अगदी भरून आलं हो! जुन्या गाडीचा एवढा मान? मी फेटेवाल्यांना म्हटलं, "वडिलांची गाडी आहे. जपून हाताळा."

ते म्हणाले, "आमचाबी एकुलता एक हाय, पावणं."

एकुलता एक काय? टप? विचारणार तोच बँड वाजायला लागला. गर्दी बाजूला झाली आणि मुंडावळ्या बांधलेला एक पोरगा, शेजारी करवली घेऊन, थेट आमच्या मागच्या सीटवर येऊन बसला.

मी ओरडलो, "अहो, शौकतभाई कुठायत?"

"कोण शौकतभाई?"

"कुशनवाले!"

फेटेवाल्यांनी सीट दाबून बघितली. "मऊ हाय की ओ! नवरदेव कुठं तक्रार करतोय?"

आता मात्र डोक्यात उजेड पडला. म्हटलं, "काका, मी वरातीचा ड्रायव्हर नव्हे. मी टप शिवायला आलोय. तुमची गाडी वेगळी असणार."

बँड थांबला. फेटेवाले म्हणजे नवरदेवाचे वडील. त्यांचा चेहरा एकदम उतरला. एका पोरानं फोन लावला. त्यांनी सांगितलेली गाडी गारगोटीहून निघालीच नव्हती. बंद पडली होती.

म्हातारा माझ्या दाराशी आला. सगळा मोठा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. "तसं चालतबी नेलं असतं ओ पोराला. पण ह्याच्या आईचा पाय मोडलाय. जिना उतरवत न्हाय तिला. माडीवरनं पोरगं नीट दिसावं म्हणून उघडी गाडी सांगितलीती."

मी सुनंदाकडं बघितलं. ती म्हणाली, "अहो, गिअर टाका की!"

टाकला. बँड पुढं, आम्ही मागं, गोगलगाईच्या चालीनं. त्यांचं घर आलं. माडीच्या कठड्याला खुर्ची लावून एक बाई बसल्या होत्या, नवं लुगडं, एक पाय स्टुलावर. नवरदेव सीटवर उभा राहिला आणि वर बघून हात जोडले. बँडवाल्यांना कुणी सांगितलं नाही, पण ते आपोआप थांबले.

"दिसलास रं माझ्या राजा!" बाई ओरडल्या. "सगळा दिसलास!"

आणि ओंजळ भरून अक्षता सोडल्या. वर टप नव्हता ना, सगळ्या आत आल्या. पोराच्या अंगावर, सुनंदाच्या गजऱ्यावर, माझ्या टकलावर. पोरगा हमसून रडला. मी चष्मा पुसायला घेतला, तर रुमाल आधीच सुनंदाकडं!

मग लग्न लागलं. जेवल्याशिवाय सोडतायत होय? शेवटी नवरदेवाच्या वडिलांनी मांडवात सगळ्यांसमोर उभं करून मला नारळ दिला, खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर पांढरी टोपी घातली. नाही म्हणायची सोय नव्हती.

शौकतभाईंच्या दुकानाकडं जाताना सुनंदाला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पहिला हार बांधला तेव्हाच. बॉनेटवर नवरानवरीची नावं लावत होते, दिसत नव्हतं?"

"मग बोलली का नाहीस?"

तिनं केसातला गजरा सारखा केला. "आपल्या लग्नाच्या तोंडावर माझे वडील गेले. ना बँड, ना वरात. पाच माणसांत माळा घातल्या. म्हटलं, आज देव बसवतोय वरातीत, तर गप बसावं. तेही पुढच्या सीटवर!"

मी उगाच एकदा हॉर्न वाजवला.

शौकतभाईंनी पुढं आठवड्यात टप झकास शिवून दिला, पाण्याचा थेंब आत येत नाही. पण त्या दिवशी दुकानासमोर गाडी थांबवली, तेव्हा ते दारात कमरेवर हात ठेवून उभे होते, कमानीवरनं हात हलवत परत आलेली त्यांची माणसं मागं. झेंडूच्या माळा बघितल्या, अक्षता बघितल्या, मग माझं डोकं बघितलं.

"काय सायेब," ते म्हणाले, "गाडीला टप घालाय येणार हुतासा, आणि सोताच टोपी घालून घिऊन आलासा व्हय?"