गेटपासून बारा मिनिटं

११ मे १९९६. सकाळी आठ वाजता मी निफाडला, सासरच्या अंगणात, तीन दगडांच्या चुलीवर कुरडयांचा चीक ढवळत होते. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून, गाळून काढलेला तो चीक एकदा उकळत्या पाण्यात पडला की हात थांबवायचा नाही. थांबला की गाठी होतात, आणि मग वर्षभर प्रत्येक तळणीला बोलणी खावी लागतात.

नेमकी तीच वेळ थोरल्या दिरांनी भांडी वाटायला निवडली.

कारण माझंच होतं. नाशिकला, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, विजेची बटणं बनवणाऱ्या कंपनीत मला काम लागलं होतं, तात्पुरतं. पहिली पाळी सातची. निफाडहून पहाटेची पहिली एसटी, पुढे शहर बस. सगळं जमलं तर सातला पाच कमी असताना गेट गाठायची. वाटेत कांद्याचे ट्रॅक्टर आडवे आले की संपलं. महिन्यात तीन उशीर झाले की नाव कमी, हा तिथला नियम. माझे दोन झाले होते आणि मे अर्धाही सरला नव्हता. देखभालीसाठी कंपनी दोन दिवस बंद होती म्हणून मी घरी होते. सोमवारी सातला पुन्हा गेटवर.

पंचवटीत मावससासूंचं घर होतं. "तिथं राहा, आपली माणसं हायेत," असं सगळ्यांचं म्हणणं. पण पंचवटीहून अंबड म्हणजे सगळं शहर ओलांडायचं. मी गेटपासून हातातलं घड्याळ बघत चालत निघाले आणि बाराव्या मिनिटाला लागलेली पत्र्याची खोली ठरवून आले. त्या बारा मिनिटांत आणखी सात कंपन्यांची गेटं लागली. एकीनं काढलं तर दुसरीत विचारायला चालत जाता येईल, असं घर मला हवं होतं. आपली माणसं कामाला लावत नाहीत.

घरी मात्र याचा अर्थ एकच निघाला. दुसरी चूल म्हणजे वाटणी. दिरांनी शेजारचे दोन म्हातारे साक्षीला ओट्यावर आणून बसवले आणि अंगणात भांड्यांचे दोन ढीग मांडायला घेतले. पितळेची पातेली, तांब्याची घागर, परात, डबे.

"दादा, हे काय चाललंय?" मी ढवळता ढवळता विचारलं.

"तू निघालीस ना वेगळी? मग रीतीनं होऊ दे. उद्या म्हणशील, दिलं नाय काही."

"मला वेगळं व्हायचं नाही. मला सातच्या आत कार्ड पंच करायचंय."

"कार्डाला संसार म्हणत नाय कुणी," एक म्हातारा म्हणाला.

"तुम्ही चहा घ्या बाबा, गार होतोय."

सासूबाई चुलीत काटक्या सारत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चूल एक, तोवर घर एक."

"आई, पुढच्या मे महिन्यातही गहू मीच भिजवीन. पण कामावर उशीर झाला तर तुमची चूल येणार नाही माझी बाजू मांडायला."

चीक शिजला. तो गरम असतानाच सोऱ्यात भरावा लागतो. गार झाला की दांडा दाबला जात नाही. वर गच्चीवर गल्लीतल्या चार बायका सोरे घेऊन खोळंबल्या होत्या. चीक काढायला पातेली हवी होती आणि सगळी पातेली ढिगांत.

"ते मोठं पातेलं द्या," मी म्हणाले.

"ते आमच्या वाटणीचं," जाऊबाई बोलून गेल्या आणि स्वतःच ओशाळल्या. तेवढ्यात वरून एक बाई ओरडली, "अगं, लय झाली वाटणी! चीक वाळवायचाय, का कुरडया?" मग सासूबाई उठल्या. दोन्ही ढिगांतून हाताला येतील ती भांडी उचलून त्यांनी माझ्यापुढे आपटली.

दिरांनी शेवटचा नेम धाकट्या भावावर, माझ्या नवऱ्यावर, धरला. तो निफाडलाच बियाण्यांच्या दुकानात कामाला होता. "तू बायकोच्या नोकरीमागं जाणार? लोक काय म्हणतील?"

मी चीक पातेल्यात काढत राहिले, पण कान तिकडेच होते. त्याला सगळं समजावून झालं होतं. हो मात्र तो अजून म्हणाला नव्हता. तो नाही म्हणाला असता तरी मी गेले असते. फक्त खोली दोघांची झाली नसती.

त्यानं फडक्यानं गरम पातेल्याचे काठ धरले. "दुकान दहाला उघडतं, दादा. मी अंबडहून येत जाईन," म्हणाला, आणि पातेलं घेऊन जिना चढला.

पुढे २००४ साली दिरांचीच मुलगी माझ्याकडे राहून अंबडला कामाला लागली. तेव्हा कुणी भांडी मांडली नाहीत. मी आठवण करून दिली, दिली नाही असं नाही.

१२ मे १९९६ला सकाळी, उन्हं यायच्या आत, मी गच्चीवर जाऊन सगळ्या कुरडया उलट्या केल्या. मग स्टो आणि दोन पिशव्या उचलल्या, नवऱ्याच्या हातात वळकटी दिली आणि अंबडची वाट धरली.