सड्यावरच्या वयनीची कलमं

सड्यावरची वयनी आपल्या आंब्याच्या कलमांना शिव्या घालायची. मोहर न आलेल्या कलमासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "शेण खाल्लंस, पाणी प्यालंस, आता मोहर काय तुझा मामा आणणार हाय?" माणसांशी मात्र ती कधी आवाज चढवून बोलली नाही. याच गोष्टीवरून मला तिचा राग यायचा. अजून येतो.

मुलांनो, मे महिन्यात आलात की ज्या आंब्यांवर तुम्ही तुटून पडायचात, ते तिच्या बागेतले. आपल्या घरामागची चढण संपली की सडा लागतो, सगळा जांभा दगड. तिथे पहारीने खड्डे पाडून, खालून टोपल्यांनी माती वाहून तिने कलमं लावली. नवरा लवकर गेला होता. थोरला दीर मुंबईत नोकरीला. सातबारावर एकत्र कुटुंबाचा पुढारी म्हणून त्याचं एकट्याचं नाव.

वाटणी मागून घे, असं मी तिला कितीदा तरी सांगितलं. तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "वाटणी झाली की घरात गणपती दोन होतात, बाई. माझ्या हातून ते नको." दीर चतुर्थीला यायचा, मोदक खायचा, विसर्जन झालं की निघायचा. सड्यावर तो कधी चढला नाही. पण घरात गणपती एकच राहिला, याचं तिला केवढं समाधान!

मग ते वादळ आलं आणि तिची बहुतेक कलमं आडवी झाली. पंचनाम्याला आलेल्या साहेबाला पडलेल्या एकेका कलमापाशी तिनेच नेलं. नव्या लागवडीसाठी सरकारने अनुदान दिलं. ते गेलं दिराच्या खात्यात. मी तिला घेऊन कचेरीत गेले. टेबलामागचा तरुण अगदी अदबीने म्हणाला, "आजी, रेकॉर्डला तुम्ही शेतकरी नाही."

"मग मी कोण, ते तरी बघ रे बाबा तुझ्या रेकॉर्डला," वयनी म्हणाली.

तो हसला. ती विनोद करत नव्हती.

त्या चतुर्थीला मी त्यांच्याकडे आरतीला गेले होते. मोदक फोडता फोडता दीर सांगत होता, मुंबईच्या खोलीत नवी फरशी घातली, सरकारची कृपा. वयनी वाढत होती. तिने तुपाची वाटी खाली ठेवली.

"भावोजी, ती फरशी माझ्या कलमांची हाय. अर्धी जमीन माझ्या नावावर करा. गणपती दोन झाले तर होऊ देत."

"सणाच्या दिवशी हे काय काढलंस? पुढच्या चतुर्थीला बघू," असं म्हणून त्याने पुढचा मोदक घेतला.

पुढची चतुर्थी तिने पाहिली नाही. अनुदानाची वाट न बघता तिने स्वतःच कोयी रुजवून पिशव्यांत रोपं केली होती, जमेल तशी सड्यावर लावतही होती. शिमगा झाल्यावर तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

तेराव्याच्या जेवणानंतर दीर आमच्या पडवीत आला. "बाई, आलोच आहे तर बाग बघून येतो म्हणतो. सड्यावर जायची वाट कुठून आहे हो?"

सरकारदरबारचा शेतकरी मला आपल्याच बागेची वाट विचारत होता.

"सातबारावर बघा, तिथे असेल," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.