आवाज बंद, बातम्या चालू

पंचवटीत आमच्या शेजारी राहणारे काका टीव्हीवरच्या बातम्या आवाज बंद करून बघतात. कान ठणठणीत आहेत. पण पुढाऱ्यांचं बोलणं ते स्वतःच बोलतात. मी रोज संध्याकाळी चिवड्याच्या लोभाने जातो आणि ऐकतो.

जाड्या पुढाऱ्याला काका घोगरा आवाज देतात, बारक्याला नाकातला. परवापर्यंत एकमेकांना चोर म्हणणारे दोघे गळ्यात गळा घालून दिसले, की काका घोगऱ्या आवाजात म्हणतात, "बांधकाम खातं मला!" आणि लगेच नाकातून, "मग पाणीपुरवठा माझ्या पुतण्याला!"

आतून काकू ओरडतात, "अहो, हळू! खिडकी उघडी आहे."

गेल्या आठवड्यात एका आमदाराने तिसऱ्यांदा पक्ष बदलला. काका त्याच्या वतीने बोलले, "मी कुठे गेलो? पक्षच माझ्याकडे चालत आला!" हसता हसता मला ठसका लागला. पाणी घेऊन आलेल्या काकू नेमक्या रिमोटवर बसल्या आणि आवाज सुरू झाला. आमदार अगदी गंभीर चेहऱ्याने सांगत होता, "मी कुठेही गेलेलो नाही. पक्षच माझ्याकडे चालत आला."

काकांची चिवड्याची मूठ हवेतच राहिली. "बघितलंस? सगळं खाऊन झालं, आता माझी वाक्यंपण सोडेनात लेकाचे!"

काही दिवस ते रुसून गप्प होते. आता पुन्हा बोलतात, पण जाड्या असो की बारक्या, सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य घालतात, "माझं चुकलं, मी खुर्ची सोडतो."

"काका, रोज तेच?" मी विचारलं.

"हे कोणी चोरणार नाही," काका म्हणाले.