पेरॉन आणि फलाट

मंडळी, आज र्युसेल्सहाइम स्टेशनवर एका जर्मन आजींनी माझ्या लेकीला विचारलं, "फ्रांकफुर्टची गाडी कुठल्या पेरॉनवर येते?"

इथेच वाढलेल्या सईला तो शब्द कळेना.

"म्हणजे बानश्टाइग," आजी हसल्या. "माझे वडील पेरॉन म्हणायचे. आता कुणी म्हणत नाही, पण माझ्या तोंडी तोच येतो."

सईने जर्मनमध्येच मला विचारलं, "आई, मराठीत काय म्हणतात?"

प्लॅटफॉर्म म्हणणार होते, पण तोंडून निघालं, "फलाट."

हा बाबांचा शब्द. मला गाडीत बसवून, गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते फलाटावर उभे राहायचे. ते गेल्यापासून मी तो उच्चारलाच नव्हता.

आजींनीही हळूच "फलाट" म्हणून पाहिलं, आणि माझे डोळे भरून आले.

तुमच्या माणसांबरोबर तुमच्या घरातला कोणता शब्द गेला?